एका वराचा मसुदा

जगात जादू आली की आधी सिंहासनं हलतात, मग बाजार हलतो आणि शेवटी माणसाचं मन हलतं. हा सिद्धांत मी मागच्या उन्हाळ्यात आमच्या हैदराबादेतल्या अंबरपेठच्या घरी, जेवणाच्या टेबलाच्या डोक्याशी बसून मांडला. पस्तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना जो आवाज लावायचो, तोच लावला होता. ऐकणारी माणसं तीन. त्यांतली माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "सिंहासन राहू दे. हातातली कैरीची फोड पूस. ओली राहिली तर अख्खी बरणी जाईल."

बाकीच्या दोघांनी मान डोलावली. ती अक्काच्या म्हणण्याला होती.

यंदाचा उन्हाळाही वेळेवर आला आहे. त्याला दुसरं काम नाही. परवा गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली आणला, टाकी उलटी केली, तर तळाच्या वाळक्या गाळातून एक निळा फासा निघाला. वीस पैलूंचा. गेल्या वर्षी तो टेबलावरून उडाला होता आणि आम्ही चौघांनी तो दुपारभर शोधला होता. अक्काने तर चिंचेच्या टोपलीतले सगळे चिंचोके एकेक करून तपासले होते. फासा धुऊन खिडकीत ठेवला. नव्या खसच्या ताट्यांवर पाणी सुटलं, पहिला ओला वास आला, आणि त्या वासाबरोबर एक अख्खा ऋतू घरात येऊन बसला. तो ऋतू आम्ही तीन म्हाताऱ्यांनी अशा एका गावात काढला, जे गाव कुठेच नाही.

ते गाव माझ्या मुलीने बनवलं होतं. गार्गी शहराच्या पश्चिमेकडच्या काचेच्या इमारतींतल्या एका कंपनीत काम करते. म्हणजे घरी बसून करते, आणि तिचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो, कारण तिच्या साहेबांचा सूर्य तेव्हा उगवतो. कॉलेजपासून ती मित्रमैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि काय करणार ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. कीर्तनाचं आणि सारीपाटाचं लग्न लावलं तर जे मूल होईल, ते. मित्रमंडळी एकेक करून बंगळूरला आणि त्याच्याही पलीकडे गेली. जग तयार होतं, माणसं उरली नव्हती.

"तुम्ही तिघं रिकामेच आहात," ती म्हणाली. हे खरं होतं, पण इतकं स्वच्छ सांगायची गरज नव्हती.

तिघं म्हणजे मी, अक्का आणि दिगंबरराव. अक्का शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. दिगंबरराव दोन गल्ल्या पलीकडे, दोन खोल्यांच्या घरात एकटे राहतात. दारात कढीपत्त्याचं झाड आणि एक पायरी. संध्याकाळचं ऊन नेमकं त्या पायरीवर येऊन पडतं आणि ते तिथे त्या उन्हात, उन्हाळ्यातही, बसलेले असतात. नोंदणी कचेरीबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बाक टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले: खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. आता नमुने संगणकात असतात. नावं भरली की कागद बाहेर येतो. त्यांचा बाक कुणी उचलला नाही. बाकासमोर कुणी थांबेना, एवढंच झालं. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी गल्लीबाहेर पडणं बंद केलं. त्यातच बंगळूरच्या मुलाने, सुनीलने, घराबद्दल एका बिल्डरशी बोलणं लावलं. जूनमध्ये करार, मग घर पाडायचं, आणि दिगंबररावांनी मुलाकडे जायचं. अकराव्या मजल्यावर.

"हवा चांगली आहे म्हणतात तिथली," ते मला म्हणाले. माणूस दवाखान्याबद्दल असं बोलतो. त्यांना जायचं नव्हतं आणि ते तसं कधीही म्हणणार नव्हते. गार्गीचा खेळ हे त्यांना दुपारी घराबाहेर काढायचं निमित्त होतं. ते चौघांनाही माहीत होतं, म्हणून चौघांपैकी कोणी बोललं नाही.

पहिल्या दुपारी गार्गीने कागद वाटले. योद्धा, चोर, जादूगार, पुजारी. ज्याने त्याने एक व्हायचं. अक्काने तलवार घेतली. "चाळीस वर्षं छडीवर भागवलं," ती म्हणाली. मी जादूगार झालो. आयुष्यभर फळ्यासमोर हात हलवले, कधी काही घडलं नव्हतं. दिगंबररावांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"यात दस्तलेखक नाही."

"काका, तसं नसतं. ही ॲडव्हेंचर असते."

"हौ, पण तुझ्या गावात लोक जागा विकतात की नाही?"

"विकत असतील."

"मग लिहितं कोण?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. अशा रीतीने त्या जगात दस्तलेखकाची जागा निर्माण झाली आणि लगेच भरली गेली. नाव काय ठेवणार, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "दिगंबर वल्द रामराव."

"काका, खेळात वेगळं नाव घ्यायचं असतं."

"दुसऱ्याच्या नावाने सही करू? पोरी, त्याला कलम आहे."

गावाचं नाव सातबावडी. पायऱ्यांच्या सात विहिरी, पूर्वेला डोंगर, डोंगरात ड्रॅगन. ड्रॅगनला मारायचं आणि खजिना आणायचा. गार्गीच्या हिशेबाने काम चार दुपारचं होतं. तिच्या आधीच्या खेळगड्यांनी ते तीन दुपारींत उरकलं असतं. पण त्यांच्यातल्या कोणी सरकारी कचेरीत हेलपाटे घातले नव्हते.

अडचण पाण्यावरून सुरू झाली. माझ्या कागदावर लिहिलं होतं की अगदी कच्चा जादूगारसुद्धा रोज दहा घागरी पाणी हवेतून काढू शकतो. मी सहज विचारलं, "मग या गावात विहिरी खणणारे काय करतात?"

गार्गी थांबली. "बाबा, प्लीज. प्रत्येक गोष्टीत लॉजिक नका लावू."

नेमका तेव्हा गल्लीत टँकर आला. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या भागात टँकर हाच खरा ग्रामदेव. त्याच्या वेळा कुणाला माहीत नसतात, तो आला की सगळे हातातलं टाकून धावतात, आणि प्रसाद सगळ्यांना पुरत नाही. पाइप धरून उभा असताना मी गार्गीच्या जादूगाराचा विचार करत होतो. अंबरपेठेत उद्या कोणी हवेतून पाणी काढायला लागला, तर टँकरवाला देशोधडीला लागेल असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मला तसं वाटत नाही. टँकरवाला संध्याकाळपर्यंत त्या जादूगाराला महिन्याच्या पगारावर ठेवेल. मंत्र एकाच्या तोंडात असतो, मालकी दुसऱ्याची असते. एवढंच अर्थशास्त्र मी पस्तीस वर्षं लांबवून सांगत होतो.

गार्गीला मात्र माझा प्रश्न लागला असावा. पुढच्या बुधवारी आम्ही सातबावडीत शिरलो तेव्हा वेशीपाशी विहीरखणे बसलेले होते. कुदळी शेजारी टेकवलेल्या. एकाने आपला दोर विकायला मांडला होता आणि गिऱ्हाईक नव्हतं, कारण दोर लागतो विहिरीला. बावड्यांत कचरा साचला होता. जादूगारांनी मंडळ स्थापलं होतं, त्याचा मठ चौकात उभा होता आणि दर पौर्णिमेला मिरवणूक निघायची. चौकाचौकांत मंडळाध्यक्षांची भली मोठी चित्रं, खाली अभिनंदन करणाऱ्यांची बारीक बारीक. ही शेवटची गोष्ट तिने कुठून घेतली हे विचारावं लागलं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर त्याच आठवड्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता.

"ड्रॅगन कुठाय?" अक्काने विचारलं.

"आत्या, डोंगरात."

"मग आपण वेशीवर काय करतोय?"

दिगंबरराव विहीरखण्यांची चौकशी करत होते. किती जण, कधीपासून रिकामे, मुलं काय करतात. इतकं ते त्या वर्षात कुणाशी बोलले नव्हते.

तो उन्हाळा मला हातांच्या कामातून आठवतो. आधी चिंच फोडली, मग लाल मिरच्यांची देठं काढली, मेमध्ये आवकाय. आमच्याकडे कैरीचं लोणचं तेलुगू पद्धतीचंच होतं. फोडी कोयीच्या टणक टरफलासकट, मोहरीची पूड डोळ्यांत पाणी आणणारी, आणि प्रत्येक फोड कोरड्या फडक्याने पुसलेली. बाजारात कैरी फोडणारी बाई एका घावात टरफल तोडते. त्या आवाजात एक निकाल असतो. घरी आणल्यावर निकाल संपतो आणि पुसणं सुरू होतं. पुसता पुसता आम्ही त्या जगाची एकेक वीट काढून बघत गेलो.

कधी न विझणारे दिवे होते. मी म्हटलं, तेली मेले. गार्गी म्हणाली, "हो, पण बाबा, लोकांना उजेड मिळाला ना." मिळाला. पुढच्या दुपारी तिनेच सांगितलं की दिवा विझत नाही म्हणून सातबावडीतले विणकर आता दोन पाळ्यांत बसतात. सांगताना तिने घड्याळाकडे बघितलं. तिची पाळी सुरू व्हायला पाऊण तास होता. पूर्वी अंधार हा गरिबाचा एकमेव सुट्टीचा हुकूम होता. जादूने तो रद्द केला आणि त्याबद्दल सत्कार घेतला.

हात लावून रोग बरा करणारा पुजारी होता. एक हात, चारशे रोगी. रांग लागली, रांगेत जागा धरणारे आले, त्यांच्याकडून जागा विकत घेणारे आले. राजाच्या घोड्याला पडसं झालं तेव्हा पुजारी तीन दिवस तबेल्यात होता. मेलेल्यांना उठवणारा एक मंत्रही होता. त्यावर दिगंबररावांनी फडकं खाली ठेवलं.

"उठवलेला माणूस परत येतो, तोवर त्याच्या पोरांनी विरासत लावून घेतली असेल तर?"

"म्हणजे?"

"जमीन पोरांच्या नावावर झाली. आता हा मेलेला दारात उभा. कब्जा कुणाचा?"

गार्गीने आपल्या कागदावरची एक ओळ खोडली. मग तिने ठरवलं की सातबावडीत श्रीमंतांना उठवत नाहीत. त्यांची मुलं परवानगी देत नाहीत.

आणि खरं बोलायला लावणारा मंत्र होता. साक्षीदारावर टाकला की तो खोटं बोलूच शकत नाही. दिगंबरराव त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मोठ्याने हसले. "मंत्र नक्को, बाबा. खरं काय ते दोन्ही बाजूंना माहीतच असतं. भांडण त्याचं नसतंच."

मला वाटतं, लोक जादूच्या गोष्टी वाचतात ते टंचाई संपेल या आशेने. तीन म्हाताऱ्यांनी दोन महिने तपासून पाहिलं. टंचाई संपत नाही. ती एका खिडकीवरून उठून दुसऱ्या खिडकीवर जाते, आणि दुसरी खिडकी नेहमी जेवायला गेलेली असते. मी हे टेबलावर जाहीर केलं तेव्हा अक्का म्हणाली, "हे तुला निवृत्त व्हायच्या आधी कळलं असतं तर पोरांचा वेळ वाचला असता."

मेच्या मध्यावर जिन भेटला. उत्तरेकडच्या बावडीत, तळाच्या पायरीवर, कचऱ्याखाली दबलेल्या सुरईत. गार्गीने तो बहुधा नाइलाजाने आणला असावा. तिला गोष्ट ड्रॅगनकडे न्यायची होती आणि आम्ही वेशीवर जनगणना करत होतो. जिन एक वर देणार होता. फक्त एक. पण अट अशी की तो शब्दांना धरून चालेल. शब्दांत फट राहिली की त्या फटीतून तो माणसाला बुडवणार. "सगळ्यांना पाणी दे" म्हटलं तर पूर आणेल. "सगळ्यांना सारखं कर" म्हटलं तर सगळ्यांना भिकारी करेल.

"सबरजिस्ट्रार," दिगंबरराव आदराने म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "वर तोंडी मागायचा की लेखी?"

"बोलायचं फक्त, काका."

"लेखी दिला तर घेईल?"

गार्गीने क्षणभर विचार केला आणि तिच्या आयुष्यातली एक मोठी चूक केली. "घेईल," ती म्हणाली.

रविवारी ते आले ते बगलेत जुनी रेक्झिनची पिशवी घेऊन. आत रेघांचे लांब कागद, शाईचं पेन, टोचणी, दोरा. बाकावरचं सगळं सामान. हिवाळ्यापासून ते कुठल्या कोनाड्यात होतं कुणास ठाऊक. टेबलावरच्या फोडी सरकवून त्यांनी जागा केली आणि लिहून वाचून दाखवलं: "वर देणार: जिन, वय नमूद नाही, धंदा वर देणे, राहणार उत्तरेकडील बावडी. वर घेणार: समस्त रहिवासी सातबावडी, तर्फे दिगंबर वल्द रामराव." मराठीत लिहिलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्या भाषांत कागद लिहिले होते. सुरुवातीला उस्तादाच्या हाताखाली उर्दूत, मग तेलुगूत, इंग्रजीत. मराठीतला हा त्यांचा पहिला दस्त.

गार्गीने कागद हातात घेऊन डोळे बारीक केले. तिचं मराठी वाचन सातवीपासून तिथेच आहे. "काका, तुम्हीच वाचत जा. मला हे अक्षर लागत नाही."

"मग तुझ्या जिनाला कसं लागणार?"

"त्याला सगळ्या भाषा येतात."

"मग हैदराबादचाच असणार."

पुढे तीन आठवडे आम्ही मसुदा केला. फासा बहुतेक वेळ पडून असायचा. चतुःसीमा लिहायची वेळ आली तेव्हा दिगंबररावांनी पेन खाली ठेवलं. गावाच्या चारी बाजू डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते लिहिणार नव्हते. बाकावर असताना त्यांचा हा एकच नियम होता. पक्षकार कितीही घाईत असो, जागा बघून यायचे, मगच कागदाला हात. गार्गीला सातबावडीचा नकाशा काढावा लागला. तरी पुरे झालं नाही. आम्हाला वेशीवरून चालायला लावलं: दोन दुपारी, चारी बाजू, एकेक दगड.

"पूर्व कोणती, हे मनाने ठरवायचं नाही," ते म्हणाले आणि आमच्या दिवाणखान्यात, कूलरपुढे, उगवतीकडे तोंड करून हात पसरून उभे राहिले. "सूर्य बघायचा. पूर्व-पश्चिम चुकली की घर भलत्याचं होतं. चाळीस वर्षांत एकदा चुकली नाही."

"पूर्वेस डोंगर, त्यात ड्रॅगन," अक्का म्हणाली. "ह्याच्यावरून आठवलं."

"आत्या, सॉरी," गार्गी म्हणाली.

वर नेमका काय मागायचा, यावर एकमत होत नव्हतं. मला जादूगार मंडळाच्या मक्तेदारीवर काही हवं होतं. अक्काला ड्रॅगन मेलेला हवा होता, कसाही. जूनच्या पहिल्या रविवारी दिगंबररावांनी मुख्य कलम लिहून आणलं आणि चष्मा सावरत वाचलं:

"सबब, सदर गावी राहणाऱ्या कोणाही इसमास, त्याची स्वतःची मर्जी नसताना, तो राहतो ती जागा सोडावी लागू नये. मर्जी आहे असे त्याच्या गप्प बसण्यावरून समजू नये."

कूलरच्या टाकीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज ऐकू आला. गार्गी टेबलावरचा मोहरीचा एक दाणा बोटाने इकडून तिकडे नेत होती. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. मी "सबब बरोबर आहे का इथे?" असं विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

अक्काने वाचवलं. "यात ड्रॅगन येतो का?"

"कोणाही इसमास, असं लिहिलंय," गार्गी म्हणाली. "ड्रॅगन इसम आहे का, काका?"

"किती वर्षं राहतो तिथे?"

"नऊशे."

"सलग?"

"सलग."

दिगंबररावांनी मान हलवली. "मग त्याला हात लावता येणार नाही. कब्जा त्याचाच."

"म्हणजे मी दोन महिने तलवार घेऊन बसले," अक्का म्हणाली, "आणि तुम्ही त्याला कूळ करून टाकलंत."

सुनील पुढच्या आठवड्यात आला. चांगला मुलगा आहे. वडिलांसाठी अकराव्या मजल्यावर पूर्वेची खोली ठेवली होती, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते. वाईट कोणी असतं तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. करार छापून आणला होता. "चार मिनिटांत तयार झाला, काका," तो मला म्हणाला. "फक्त डिटेल्स टाकायचे. पूर्वी बाबांना दोन दिवस लागायचे." त्याने हे कौतुकाने सांगितलं. कागदाचं कौतुक की वडिलांचं, ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं.

सह्या आमच्याच टेबलावर झाल्या, मला साक्षीदार म्हणून घेतलं होतं म्हणून. संध्याकाळ होत आली होती. दिगंबरराव ओळीवर बोट ठेवून वाचत होते. सुनील म्हणाला, "बाबा, स्टँडर्ड आहे सगळं." ते वाचत राहिले. शेवटच्या पानावर, चतुःसीमेपाशी, बोट थांबलं. त्यांनी मान वर करून खिडकीबाहेर, उतरत्या उन्हाकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे. मग पेनचं टोपण काढलं.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"छापील आहे, मास्तर," ते म्हणाले. "छापील कागदाला आपण काय म्हणायचं." आणि त्यांनी सही केली. खाली मी केली. मी कागद वाचला नाही. साक्षीदार वाचत नसतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन अंगठे झाले. मृग लागला, कूलर वर गेला, आवकायच्या बरण्यांना दादरे बांधले गेले. मसुदा पुरा व्हायचा होता, पण कुणी विषय काढला नाही. गार्गी म्हणाली, "जिन थांबेल." तिचं काम वाढलं होतं. तिच्या कंपनीतही कुठल्याशा नव्या जादूची बोलणी चालू होती आणि माणसं विहीरखण्यांसारखी दबक्या आवाजात बोलत होती. त्याबद्दल ती फारसं सांगत नाही. मीही विचारत नाही. माझ्याकडे त्यावर एक सिद्धांत आहे आणि तो तिला ऐकावा लागू नये.

दसऱ्याच्या सुमारास सुनीलचा फोन आला. नवीन इमारतीच्या परवानगीचा अर्ज परत आला होता. करारात पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झालेली. रस्ता, जो त्यांच्या पायरीच्या पश्चिमेला आहे, तो कागदात पूर्वेला. शेजाऱ्याची भिंत पूर्वेला आहे, ती पश्चिमेला. त्या कागदाप्रमाणे दिगंबररावांचं घर रस्त्याच्या पलीकडे, इस्त्रीवाल्याच्या गाडीच्या जागी उभं होतं आणि बिल्डरला तेच पाडायचा हक्क होता. आता चूक-दुरुस्तीचा दस्त करावा लागणार, सगळ्यांच्या सह्यांनी. तोवर कुदळ लावता येणार नाही. "काका, बाबांनी वाचलं होतं ना?" सुनील विचारत होता.

"वाचत तर होते," मी म्हटलं. हे खरं बोलायला लावणाऱ्या मंत्राखालीही टिकलं असतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो. ऊन होतं तिथेच होतं. पलीकडे इस्त्रीवाला, कागदोपत्री ज्याच्या जागी हे घर होतं तो, कोळसे फुंकत होता. मी म्हटलं, "दिगंबरराव, चतुःसीमा तुम्ही बघितली होती."

ते कढीपत्त्याची वाळकी पानं खुडत होते. "माझ्याकडे सही मागितली होती, मास्तर," ते म्हणाले. "मसुदा मागितला नव्हता."

माझ्या डोक्यात एक मोठं वाक्य तयार होत होतं: मंत्र, मालकी, आणि ज्या माणसाला काळाने बाजूला टाकलं त्याच्या हातात उरलेली ती एकच जादू. अक्का तिथे नव्हती, पण मी ते गिळलं.

आता पुन्हा एप्रिल आहे. टँकर येतो. बाजारात कैरी फोडणाऱ्या बायका बसायला लागल्या आहेत. रविवारी गार्गीने टेबल मोकळं केलं, अक्काने चिंच पसरली, मी निळा फासा मधोमध ठेवला. दिगंबरराव पिशवी घेऊन आले. पिशवीत आता दोन मसुदे असतात, एक जिनाचा आणि एक सुनीलचा. दुरुस्तीचा दस्त आपणच लिहिणार, छापील चालणार नाही, हे त्यांनी मुलाला फोनवर सांगून टाकलं आहे. सुनीलने मान्य केलं, कारण छापलेल्याचा अनुभव त्याने घेतला होता. शिवाय त्याच्या आवाजात मला थोडी सुटकाही ऐकू आली. त्याबद्दल मी खात्रीने सांगू शकत नाही.

जिनाचा मसुदा सतरा पानांचा झाला आहे. चूक-दुरुस्तीच्या दस्तात आजपर्यंत फक्त तारीख लिहून झाली आहे, आणि ती गेल्या वर्षाची आहे.